शिळा निरोप आणि संगणकांतील कामाची वाटणी

पिके व पशुधन यांच्या जनुकीय माहितीचे विश्लेषण एका संगणकाच्या आवाक्यात राहिलेले नाही. म्हणूनच राष्ट्रीय कृषी जैवमाहिती ग्रिडमध्ये नवी दिल्ली, कर्नाल, लखनौ, मऊ आणि बंगळूर येथील केंद्रे जोडली गेली. अशा जाळ्यात रिकाम्या यंत्राकडे काम वळवावे, हे कोणालाही सुचेल. परंतु यंत्र रिकामे असल्याचा निरोप पोहोचेपर्यंत ते रिकामे उरलेले असेलच असे नाही.

एकच मोकळे यंत्र साऱ्या केंद्रांना दिसते आणि सारी केंद्रे तिकडेच काम लोटतात. ते तुंबते, पुढचा निरोप येताच लोंढा दुसरीकडे वळतो. कामांची नुसती ने-आण होत राहते, विश्लेषण मात्र अडून बसते.

संगणकशास्त्रज्ञ मायकेल मिट्झेनमाकर यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातला उपाय काहीसा अनपेक्षित आहे. माहिती शिळी असेल, तर सर्वांत मोकळे यंत्र शोधण्यापेक्षा कोणतीही दोन यंत्रे यदृच्छया निवडून त्यांतील कमी भाराचे घेणे अधिक हितावह ठरते. लोंढा त्यामुळे आपोआप पांगतो.

अर्थात काम हलवण्यालाही वेळ लागतोच. सेकंदाला 1 गिगाबिट वेगाच्या जोडणीवरून 100 गिगाबाइट जनुकीय माहिती पाठवण्यास किमान तेरा मिनिटे लागतात. स्थानिक रांग दहा मिनिटांत सरणार असेल, तर काम जागीच ठेवावे. याउलट, माहिती थोडी पण आकडेमोड कित्येक तासांची असेल, तर ते काम खुशाल दूर धाडावे.