कौटुंबिक सेडान : नवी घ्यावी की वापरलेली?

दसरा, धनत्रयोदशी किंवा गुढीपाडवा जवळ आला की व्यापारी घरांत गाडीचा विषय हमखास निघतो. दुकानातला माल भाडे, हमाली, जकातीसह किती रुपयांना पडला याचा पैपैचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या ठेवणारे कुटुंब गाडीच्या बाबतीत मात्र ‘महिन्याला हप्ता किती?’ या एकाच प्रश्नाशी थांबते. वास्तविक गाडीचे मूल्य दरवर्षी घटत जाते आणि तिच्यात गुंतलेली रक्कम ही धंद्याच्या भांडवलातून बाहेर काढलेली रक्कम असते. म्हणून शोरूममधील किंमत किंवा हप्ता यांऐवजी, गाडी घरात आल्यापासून विकली जाईपर्यंत वर्षाला किती रुपयांना पडेल, हा प्रश्न आधी विचारणे हिताचे आहे.

सेडानच का?

मागे स्वतंत्र डिकी असलेली गाडी म्हणजे सेडान. पाच माणसे, लग्नसराईतील बॅगा, यात्रेचे सामान किंवा गिऱ्हाइकाला दाखवायचे मालाचे नमुने हे सारे डिकीत बंद राहते आणि बसणाऱ्यांची अडचण होत नाही. या प्रकारात दोन वर्ग आहेत. मारुती सुझुकी डिझायर, ह्युंदाई ऑरा, होंडा अमेझ व टाटा टिगोर या चार मीटरच्या आतील गाड्या. तर होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया व फोक्सवॅगन व्हर्टस या त्याहून मोठ्या. हा फरक केवळ लांबीचा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांब आणि १२०० सीसीपर्यंत पेट्रोल इंजिन असलेल्या गाड्यांवरील जीएसटी १८ टक्के झाला. पूर्वी उपकरासह तो २९ टक्के होता. मोठ्या गाड्यांना मात्र ४० टक्के दर लागतो. बजेट मर्यादित असणाऱ्या कुटुंबासाठी पहिला वर्ग आज अधिक अनुकूल आहे.

या बदलाचा दुसरा परिणाम वापरलेल्या गाड्यांवर होतो. नवी गाडीच स्वस्त झाल्यावर चार वर्षांपूर्वीचे बिल दाखवून मागितलेली किंमत ग्राह्य धरण्याचे कारण उरत नाही. तुलना नेहमी त्याच गाडीच्या आजच्या नव्या किमतीशी करावी.

शोरूमची किंमत आणि रस्त्यावरची किंमत

महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी वाहनकर लागतो, डिझेलला १३ टक्के. सीएनजीचा दर पेट्रोलहून कमी आहे. गाडी कंपनीच्या नावावर नोंदविल्यास हाच कर २० टक्के होतो. त्याखेरीज विमा, नोंदणी, फास्टॅग आणि विक्रेत्याने आग्रहाने जोडलेल्या वस्तू येतात. या वस्तूंची यादी वेगळी मागून नको त्या वगळाव्यात. विमा विक्रेत्याकडूनच घेण्याचे बंधन नाही, हेही ध्यानात असावे. गाडीची किंमत दहा लाखांच्या वर गेल्यास विक्रेता एक टक्का टीसीएस वसूल करतो. तो खर्च नसून आगाऊ भरलेला आयकर आहे. विवरणपत्रात त्याचे समायोजन विसरू नये.

हप्त्यामागचे गणित

सहा लाखांचे कर्ज ९ टक्के घटत्या शिल्लक पद्धतीने पाच वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे १२,४५५ रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ४७ हजार होते. तेच कर्ज सात वर्षांसाठी घेतल्यास हप्ता ९,६५३ रुपयांपर्यंत उतरतो. व्याज मात्र २ लाख ११ हजारांवर जाते. हलका वाटणारा हप्ता असा ६४ हजारांनी महाग पडतो.

वापरलेल्या गाडीच्या कर्जात अधिक सावध राहावे लागते. काही ठिकाणी दर ‘फ्लॅट’ सांगितला जातो. सहा लाखांवर ९ टक्के फ्लॅट म्हणजे पाच वर्षांचे व्याज २ लाख ७० हजार आणि हप्ता १४,५००. मुद्दल फिटत गेले तरी व्याज मूळ रकमेवरच आकारले जात असल्याने हा दर प्रत्यक्षात साडेपंधरा टक्क्यांहून अधिक पडतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जदाराला मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे सक्तीचे आहे. त्यात सर्व आकार धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. दोन कर्जांची तुलना त्या एका आकड्यावरून करावी.

नवी आणि वापरलेली : एक ताळेबंद

उदाहरणादाखल साडेआठ लाखांना रस्त्यावर आलेली नवी सेडान सात वर्षांनी सव्वातीन लाखांना विकली, असे धरू. घट सव्वापाच लाख, म्हणजे वर्षाला ७५ हजार. याउलट चार वर्षे वापरलेली तीच गाडी साडेपाच लाखांना घेतली, पाच वर्षांनी अडीच लाखांना विकली आणि मधल्या काळात टायर, बॅटरी, क्लच यांवर ६० हजार जादा खर्च आला, तर वर्षाला पडतात ७२ हजार. फरक फक्त तीन हजारांचा! वापरलेली गाडी स्वस्तच पडते, या समजाला हे आकडे दुजोरा देत नाहीत.

तिचा खरा लाभ भांडवलात आहे. तीन लाख रुपये धंद्यात मोकळे राहतात. कॅश क्रेडिटवर दहा टक्के व्याज भरणाऱ्या दुकानाचे त्यातून वर्षाला ३० हजार वाचतात. परंतु त्याच गाडीचे साडेसहा लाख मोजले, तर हा लाभ जवळजवळ संपतो. ज्याच्याकडे रक्कम पडून आहे आणि जो गाडी दहा वर्षे ठेवणार आहे, त्याने नवी घ्यावी. ज्याचे भांडवल सतत फिरते आहे, त्याने वापरलेली पाहावी, मात्र भाव आणि कागदपत्रे चोख असतील तरच.

वापरलेल्या गाडीची पारख

आरंभ कागदांपासून करावा. शासनाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर नोंदणीची तारीख, मालकी क्रमांक आणि कर्जाचा बोजा दिसतो. चेसिस व इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकाशी प्रत्यक्ष ताडून पाहावेत. बोजा असल्यास बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म क्र. ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. थकीत ई-चलन पाहावे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीवर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसविली आहे का, हेही तपासावे.

मीटरवरील किलोमीटर एकट्याने विश्वासार्ह नसतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी मागवाव्यात. चाळीस हजार किलोमीटर सांगितलेल्या गाडीचे पेडल आणि स्टिअरिंग गुळगुळीत झाले असतील, तर शंका घ्यावी. टायरवरील चार आकड्यांत पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दर्शवतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा.

२०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण-महाड येथे आलेल्या महापुरात असंख्य वाहने पाण्याखाली गेली. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून मातीचा डाग पाहावा, गालिचा उचलून वास घ्यावा, आसनाखालच्या पट्ट्यांवरील गंज तपासावा. ओळखीच्या मेकॅनिकला हजार-दोन हजार देऊन गाडी उचलून खालून पाहून घेणे, हा खर्च वाया जात नाही.

इंधनाचाही विचार व्हावा. एप्रिल २०२३ पूर्वीच्या पेट्रोल गाडीला ई-२० इंधन कितपत चालते, हे तिच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. सुरक्षेचे तारेही त्या त्या पिढीचे असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये डिझायरला ग्लोबल एनकॅपकडून प्रौढांच्या सुरक्षेसाठी मिळालेले पाच तारे नव्या पिढीच्या गाडीचे आहेत. जुनी डिझायर घेणाऱ्याने ते आपल्या गाडीचे समजू नयेत.

सीएनजी कोणाला परवडते?

पेट्रोल १०४ रुपये लिटर व सरासरी १८ किलोमीटर, सीएनजी ८५ रुपये किलो व सरासरी २६ किलोमीटर धरल्यास दर किलोमीटरला सुमारे अडीच रुपये वाचतात. सीएनजी गाडीला ९० हजार जादा मोजले, तर ते ३६ हजार किलोमीटरनंतर वसूल होतात. महिन्याला हजार किलोमीटर धावणाऱ्यास तीन वर्षे लागतात. घर ते दुकान एवढेच पाचशे किलोमीटर असल्यास सहा वर्षे. शिवाय टाकी डिकीत बसते आणि तिची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते. ज्या डिकीसाठी सेडान घ्यायची, तीच अडत असेल तर हा सौदा पुन्हा विचारात घ्यावा.

धंद्याच्या खात्यात गाडी

सर्वसाधारण व्यापाऱ्याला प्रवासी मोटारीवरील जीएसटीचे क्रेडिट मिळत नाही. आयकरात वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाल्यास त्याच्या निम्मा. घरगुती वापराचा भाग मात्र वगळावा लागतो. दोन लाख वा अधिक रोख स्वीकारण्यास कायद्याने मनाई आहे, आणि दिवसाला दहा हजारांहून अधिक रोख दिलेली रक्कम घसाऱ्यासाठी किमतीत धरली जात नाही. व्यवहार बँकेतूनच व्हावा.

अहिंसेचा आचार पाळणाऱ्या घरांनी आणखी एक चौकशी करावी. वरच्या श्रेणीच्या गाड्यांत आसन किंवा स्टिअरिंगचे आवरण खऱ्या चामड्याचे आहे की कृत्रिम, हे माहितीपत्रकात पाहून विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

सौदा झाल्यानंतर

फॉर्म क्र. २९ व ३० भरून मालकी हस्तांतर तातडीने करावे आणि विमा चौदा दिवसांच्या आत स्वतःच्या नावे करून घ्यावा. ‘नो क्लेम बोनस’ जुन्या मालकाकडेच राहतो. त्यामुळे वाढीव हप्ता बजेटमध्ये आधीच धरावा. जुनी गाडी विकणाऱ्यांनी तर अधिक दक्ष असावे. नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईस तोच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून ताबा देताना तारीख व वेळ लिहिलेली पावती घ्यावी आणि नाव बदलल्याची नोंद ‘वाहन’वर स्वतः पाहावी. ती नोंद दिसेपर्यंत सौदा पुरा झाला, असे समजू नये.