दाराजवळचा बाक

सहा वर्षं मी चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही. रविवारी सकाळी घंटा व्हायची, गल्लीतून बायका बायबल आणि गीतांचं पुस्तक छातीशी धरून जाताना दिसायच्या, आणि मी खिडकी लावून घ्यायचे. माझं लग्न मोडत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मंडळीतल्या एका जबाबदार माणसाच्या घरी जाऊन मी मन मोकळं केलं होतं. पुढच्याच आठवड्यात महिलांच्या प्रार्थनासभेत माझ्या नावानं, साऱ्या तपशिलासह, 'प्रार्थनेची विनंती' मांडली गेली. मी तिथंच बसले होते. कुणी खोटं बोललं नाही, कुणी वाईट शब्द काढला नाही. डोळे मिटलेल्या तीस बायकांमध्ये माझं घर उघडं पडलं, आणि शेवटी सगळ्यांबरोबर मीही 'आमेन' म्हटलं.

कचेरीत असं झालं असतं तर मी भांडले असते, नाहीतर नोकरी बदलली असती. मंडळीत लागलेला घाव वेगळा असतो, कारण तिथली नाती आपण घरच्या शब्दांनी बांधलेली असतात. पाळक बापाच्या जागी, शेजारची बाई बहीण, संडे स्कूलच्या बाई आईसारख्या. शिवाय ज्या ओठांनी आपली गोष्ट फोडली, त्याच ओठांवर देवाचं नाव असतं. मग एकटीनं प्रार्थनेला बसलं तरी तेच आवाज कानात येतात. 'माणसांकडे बघू नकोस, देवाकडे बघ' असं सांगणाऱ्यांना हे कळत नाही. देव मला माणसांतूनच भेटला होता, तेव्हा माणसं तुटल्यावर त्याच्याकडे जायची वाटही अंधारली.

त्या सहा वर्षांत मी वाचत राहिले. आपल्याआधी कोण दुखावलं, कोण कुठल्या वाटेनं परतलं, हे शोधत राहिले. लांब जावं लागलं नाही. मराठी ख्रिस्ती समाजाची जी नावं आपण अभिमानानं घेतो, त्यांतली बरीच माणसं आपल्याच मंडळींकडून दुखावलेली होती.

पंडिता रमाबाईंचंच घ्या. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात राहिल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथंच आत्महत्या केली. तो धक्का ताजा असताना, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी आपल्या लहानग्या लेकीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. परक्या देशात, पंचविशीतल्या या विधवेला मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांचा मोठा आधार होता. कुरबुरी सुरू झाल्या त्या बारीकसारीक गोष्टींवरून. रमाबाई शाकाहारी, अंडं घातलेलं पुडिंग त्या खात नसत, आणि त्यात सिस्टरना जातीचा अहंकार दिसे. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, आपली संस्कृत का नको, असा रमाबाईंचा सवाल होता. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचा विषय निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. मनोरमेला काय शिकवायचं, यावरून तर दोघींत उघड वाद झाला. १८८५ मधल्या पत्रांत रमाबाईंनी साफ लिहिलं की, भारतातल्या पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलं आहे, आता दुसरं मानेवर घ्यायची आपली तयारी नाही.

त्यांनी ख्रिस्त सोडला नाही. तसंच आधीच्या नम्र शिष्येच्या जागेवर त्या परतही गेल्या नाहीत. १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं, आणि पुढे दुष्काळातल्या निराधार बायकांना घेऊन केडगावला मुक्ती सदन उभं केलं. कुठल्याही एका पंथाचा शिक्का त्यांनी लावून घेतला नाही. ज्या बाईला मंडळीत स्वतःची जागा मिळाली नाही, तिनं शेकडो जणींना सामावून घेणारी मंडळी उभारली. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेल्या मराठी बायबलचे खिळे तिथल्याच बायकांनी जुळवले. मला याहून मोठं परतणं ठाऊक नाही. आणखी एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. रमाबाईंची ती रागाची पत्रं आपल्याला वाचायला मिळतात ती सिस्टर जेराल्डीन यांच्यामुळे. स्वतःवर ठपका ठेवणारी पत्रं त्यांनी जपली, एकत्र केली, आणि १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती ग्रंथरूपात आली. दुखावणाऱ्यानं पुरावा फाडून न टाकणं यालाही मी पश्चात्तापाचीच एक पायरी मानते.

रेव्हरंड टिळकांची वाट निराळी. नारायण वामन टिळकांचा १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा झाला, आणि अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षं घातली. मिशनऱ्यांचा वडीलकीचा तोरा आणि मंडळीचा परका पेहराव त्यांना सलत राहिला. १९१७ साली ते मिशनमधून बाहेर पडले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त बसू शकत होते. दोनच वर्षांत, १९१९ साली, ते गेले. दरबार फार चालला नाही, पण त्यांची भजनं आजही त्याच मंडळ्यांत दर रविवारी गायली जातात.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं दुखणं वेगळं. त्यांना ओरखडा काढला तो मंडळीनं नव्हे, नवऱ्याच्या धर्मांतरानं. तरी त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' मी या प्रश्नाच्या अंगानं पुन्हा वाचलं. ताटातुटीची काही वर्षं काढून त्या टिळकांकडे आल्या, त्या आपलं सोवळं बरोबर घेऊन. चूल वेगळी, पाणी वेगळं. कुणी त्यांची घागर हिसकावली नाही. विटाळाचा विचार त्यांनीच मनात घोळवला, त्यांनीच तो टाकला, आणि मग आपणहून बाप्तिस्मा घेतला. आपलं पाणी आपल्याजवळ ठेवून ज्या अंगणात बसता येतं, तिथं माणूस एक दिवस आपणहून दुसऱ्याच्या हातचं पाणी पितो. परत येणाऱ्या माणसाला नेमकी ही मुभा लागते, आणि आमच्या मंडळ्या नेमकी हीच देत नाहीत. चार वर्षांनी कुणी दारात दिसलं की आम्ही त्याला पुढच्या बाकावर बसवतो आणि साक्ष द्यायला उभं करतो!

जातीचा घाव तर याहून खोल. महार-मांग वस्त्यांतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना सोयरीक जुळवताना 'मूळचे कोण' हा प्रश्न चर्चच्या आवारातच ऐकावा लागला आहे. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेनं डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर करताना चर्चमध्ये अस्पृश्यता आणि भेदभाव आहे हे लेखी मान्य केलं. कबुलीला उशीर झाला, पण तिच्याशिवाय पुढचं काहीच शक्य नव्हतं.

बाहेरच्या जगातलं एक उदाहरण सांगितलंच पाहिजे. ज्याँ व्हानिए यांनी १९६४ साली फ्रान्समध्ये 'लार्श' सुरू केलं. मतिमंद माणसांसोबत एका घरात राहायचं, असा हा प्रयोग. बंगळूरचं आशानिकेतन त्याच कुटुंबातलं. सहजीवनावरची त्यांची पुस्तकं ख्रिस्ती जगात घरोघरी वाचली गेली. २०१९ साली ते वारले आणि पुढच्याच वर्षी लार्शनंच चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला. व्हानिए यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली सहा स्त्रियांचं शोषण केलं होतं. २०२३ च्या सविस्तर अहवालात हा आकडा किमान पंचवीसवर गेला. संस्थेनं संस्थापकाचं नाव वाचवलं नाही, म्हणून ती घरं आजही कुणाला तरी घर म्हणता येतात. 'झालं गेलं विसरा, संस्थेची बदनामी नको' असं म्हणणाऱ्या आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांनी हे अहवाल वाचावेत.

ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात सावरण्याचे तीन टप्पे मांडले आहेत. आधी सुरक्षितपणा, मग आठवून शोक करणं, आणि त्यानंतर माणसांशी पुन्हा नातं. आम्ही तिसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करतो. पहिल्याच भेटीत 'क्षमा कर' म्हणतो, जणू क्षमा केली की भरवसाही त्याच दिवशी परत येतो. क्षमा एकट्यानं, बंद खोलीत करता येते. समेटाला दुसरा माणूस लागतो. भरवशाला मात्र वर्षं लागतात, आणि तो मागून मिळत नाही.

शुभवर्तमानात हे सगळं आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी जा. हा उतारा मी लहानपणापासून ऐकला होता, पण चालत कुणी जायचं हे कधी नीट पाहिलं नव्हतं. चालायचं ते ज्यानं दुखावलं त्यानं. दुखावलेल्यानं घरी बसलेलं चालतं.

योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदा येतो. पहिला प्रमुख याजकाच्या अंगणात. तिथं शेकत उभ्या असलेल्या पेत्रानं येशूला तीनदा नाकारलं. दुसरा विस्तव शेवटच्या अध्यायात, सरोवराच्या काठावर, भल्या पहाटे. तो येशूनं स्वतः पेटवलेला. त्यावर मासळी आहे, भाकर आहे. जेवण आधी होतं आणि प्रश्न नंतर, तेही तीनदा. इथं घाव ज्याला लागला त्यानंच विस्तव पेटवला, हे खरं. पण ते त्याचं देणं आहे, कुणा दुखावलेल्या बाईकडून वसूल करायचं ते कर्ज नव्हे.

माझ्याकडे आल्या त्या मंडळीतल्या एक म्हाताऱ्या मावशी. त्या दिवशीच्या सभेत त्याही होत्या. तीन वर्षांनी, भर दुपारी, पदराखाली झाकलेला डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या. आत आल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "पोरी, त्या दिवशी मी उठून उभं राहायला पाहिजे होतं. नाही राहिले." एवढंच. चर्चला ये म्हणाल्या नाहीत. डब्यात बाजरीची भाकर आणि मेथीची भाजी होती. पुढची तीन वर्षं महिना-दोन महिन्यांनी त्या येत राहिल्या, आणि एकदाही त्यांनी 'कधी येणार' असं विचारलं नाही.

मी गेले ती हंगामाच्या सणाला. उपासना संपली होती आणि अंगणात अर्पणांचा लिलाव चालला होता. कणसं, भोपळे, अंडी, कुणाच्या परसातली पपई. मी फाटकाशीच उभी होते. मावशींनी एका दुधीवर बोली लावली, कुणीतरी वाढवली, त्यांनी आणखी वाढवली. "एक वार, दोन वार, तीन वार!" बाजारात वीस रुपयांना मिळणारा दुधी दोनशेला सुटला. त्यांनी तो आणून माझ्या हातात ठेवला आणि परत आपल्या जागी जाऊन बसल्या. कुणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही, किंवा पाहिलं असेल तर मला ते जाणवू दिलं नाही. त्यानंतरच्या रविवारी मी आत गेले आणि दाराजवळच्या बाकावर, चपलांच्या बाजूला बसले. आजही तिथंच बसते. प्रभुभोजन घेते. महिलांच्या सभेत अजून जात नाही, आणि जाईन की नाही हे मी ठरवणार आहे.

ज्या घरी मी मन मोकळं केलं होतं, तिथून अजून कुणी आलेलं नाही.

तुमच्या मंडळीतही कुणाची तरी जागा रिकामी असेल, आणि ती का रिकामी झाली हे तुम्हाला ठाऊक असेल. येत्या नाताळात फराळाचा डबा घेऊन त्या घरी जा. चूक तुमची असेल तर ती नाव घेऊन कबूल करा, नसेल तर नुसतं बसा. 'कधी येणार' एवढं मात्र विचारू नका.