मधुमेह आणि पायांचे रक्षण

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर राज्यघटनेच्या कामात गढलेले असताना मधुमेहाने त्यांचे शरीर पोखरले होते. १९४८ साली पायांच्या वेदनांमुळे त्यांना झोप लागत नसे, इन्सुलिन घ्यावे लागे. तरीही त्यांनी काम सोडले नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु या आजारात पाय का दुखतात आणि काहींचा पाय कापावा का लागतो, हे समाजबांधवांनी व विद्यार्थ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

रक्तातील साखर अनेक वर्षे वाढलेली राहिली की दोन गोष्टी घडतात. पहिली, मज्जातंतू निकामी होऊ लागतात. पायांचे मज्जातंतू सर्वांत लांब, म्हणून सुरुवात तेथून होते. आधी मुंग्या व जळजळ, पुढे बधिरपणा. मग बाभळीचा काटा किंवा सोयाबीनचे धसकट रुतले तरी कळत नाही. दुसरी, रक्तवाहिन्या अरुंद होतात. जखमेपर्यंत रक्त पुरेसे पोचत नाही, म्हणून ती भरत नाही. विडी-तंबाखूने हा धोका वाढतो.

दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर चालत राहतो. जंतू हाडापर्यंत जातात, पाय सडू लागतो आणि जीव वाचवण्यासाठी तो कापावा लागतो. मधुमेहामुळे पाय गमावलेल्या शंभरांपैकी सुमारे ८५ जणांची सुरुवात पायाच्या जखमेनेच झालेली असते.

दुःखाला कारण असते व ते दूर करता येते, ही तथागतांची शिकवण. येथेही दैवाचा दोष नाही. मधुमेही व्यक्तीने रोज रात्री तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात; दिसत नसल्यास घरातील विद्यार्थ्याने पाहाव्यात. शेतात अनवाणी जाऊ नये. वैशाखी पौर्णिमेला विहाराच्या तापलेल्या फरशीवर बधिर तळवे भाजतात व कळतही नाही. अशांनी जाड मोजे घालावेत. कुरूप ब्लेडने कापू नये. आपल्या हिंगोली जिल्ह्यात हळद मुबलक आहे, पण जखमेवर हळद किंवा चुना लावून घरी बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्तातील साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावी आणि डॉक्टरांनी दिलेले औषध मध्येच बंद करू नये.

साखरा व परिसरातील उपासक-उपासिका पौर्णिमेला विहारात जमतात. त्या दिवशी तरुणांनी ज्येष्ठांचे पाय तपासण्यास दहा मिनिटे दिली, तर एखाद्या कष्टकऱ्याचा पाय वाचेल.

नमो बुद्धाय, जय भीम!