दीर्घ उच्छ्वासाचे बळ : पालकांच्या धावपळीत प्राणायाम कुठे बसतो?

नवी दिल्ली : दारात येऊन थांबलेली शाळेची बस, गॅसवरचा कुकर, ऐनवेळी न सापडणारा मोजा आणि त्यातच कार्यालयातून आलेला फोन. नोकरदार पालकांचा संयम सुटतो तो बहुधा अशाच वेळी. 'दीर्घ श्वास घ्या' हा सल्ला तेव्हा हमखास दिला जातो. मात्र तो अर्धाच आहे. मन निवते ते श्वास आत घेण्यापेक्षा तो सावकाश बाहेर सोडल्याने.

यामागे शरीराची साधी यंत्रणा आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. मेंदूपासून हृदय व उदरापर्यंत जाणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूचा हृदयावरील लगाम उच्छ्वासाच्या वेळी अधिक घट्ट होतो. योगपरंपरेत रेचक, म्हणजे श्वास सोडणे, हे पूरकापेक्षा लांब ठेवण्यास सांगितले जाते, त्याची संगती येथे लागते.

विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ व्यक्ती मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेते. चार सेकंदांत श्वास घेऊन सहा सेकंदांत सोडला, तर हे प्रमाण सहावर येते. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, लुचियानो बर्नार्डी व सहकाऱ्यांच्या अभ्यासात लॅटिनमधील जपमाळेची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम' हा मंत्र म्हणताना श्वासाची गती नेमकी याच सुमारास स्थिरावल्याचे आढळले. मुलांना निजवताना संथ लयीत म्हटलेली अंगाईही उच्छ्वास लांबवतेच. तिचा लाभ केवळ बाळालाच होत असेल असे नाही.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महिनाभर रोज पाच मिनिटे श्वसनाचे व्यायाम करणाऱ्यांची तुलना तेवढाच वेळ ध्यान करणाऱ्यांशी करण्यात आली. मनःस्थितीत सर्वाधिक सुधारणा दिसली ती दीर्घ उच्छ्वासावर भर देणाऱ्या गटात. पाच मिनिटे हा आकडा पालकांसाठी महत्त्वाचा आहे. पहाटेचा निवांत तास बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. पण चहा उकळेपर्यंतचा वेळ, बसथांब्यावरची प्रतीक्षा किंवा लोकलमधील दोन स्थानकांमधले अंतर मिळू शकते. सराव मात्र मन शांत असतानाच व्हायला हवा. मुलावर हात उगारला जाण्याआधीच्या त्या दोन-तीन सेकंदांत नवे काही शिकता येत नाही. अंगवळणी पडलेलेच उपयोगी पडते.

मुलांना सोबत घ्यायचे असेल, तर भ्रामरी सोयीची. भुंग्यासारखा गुंजारव करीत श्वास सोडायचा असल्याने उच्छ्वास आपोआप लांबतो आणि मुलांना त्यात खेळ वाटतो. कपालभातीचे तसे नाही. 'हठप्रदीपिके'त तिची गणना प्राणायामात नव्हे, तर षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत केली आहे. जोरकस, जलद उच्छ्वासाची ही क्रिया उत्तेजित करणारी असल्याने चिडलेल्या मनावर तिचा प्रयोग अस्थानी ठरतो. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी ही क्रिया, भस्त्रिका व श्वास रोखण्याचा कुंभक टाळावा. संथ श्वसन करतानाही चक्कर आली, तर तेथेच थांबून श्वास नेहमीप्रमाणे चालू द्यावा.

प्राणायामाने घरातील कामांची वाटणी बदलत नाही, हेही खरे. स्वयंपाक, गृहपाठ आणि आजारपण एकट्या आईवर पडत असेल, तर तिला श्वासाचे व्यायाम सुचवण्याआधी कुटुंबाने त्यातले काही काम उचलणे अधिक उचित. उदासी, निद्रानाश किंवा रडू येणे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले, विशेषतः प्रसूतीनंतर, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास निःशुल्क समुपदेशन उपलब्ध आहे.