ग्रंथपालाने प्रयोगशाळेत जावे

नांदेड-लातूर मार्गावरील लोह्यासारख्या तालुक्याच्या गावी विज्ञानाचा विद्यार्थी ग्रंथालयात येतो तो बहुधा क्रमिक पुस्तकापुरता. संशोधनाची नियतकालिके परवडत नाहीत, हे कारण एके काळी खरे होते. 2010 साली सुरू झालेल्या ‘एन-लिस्ट’ योजनेतून सदस्य महाविद्यालयांना अल्प वर्गणीत 6,000 हून अधिक नियतकालिके संगणकावर मिळतात. वर्गणी एकदा भरली की शंभराव्या वाचकाचा खर्च शून्य. कोणीच न वाचल्यास मात्र सारीच वाया! प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, हा दंडक 1931 मध्ये घालून देणारे रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक होते. तेव्हा ग्रंथपालाने प्रात्यक्षिकाच्या तासाला जाऊन चालू प्रयोगावरचा एखादा शोधनिबंध तेथेच काढून दाखवावा. इंग्रजीची धास्ती घेतलेल्यांना निदान त्याचा सारांश उलगडून सांगावा. जेथे ग्रंथपालाचे पदच रिक्त, तेथे हे कोणी करायचे, याचे उत्तर शासनाकडे मागावे लागेल.