पद्मिनी गरम झाली की बंद पडते? आधी करंट बघा

प्रीमियर पद्मिनी सकाळी झटकन सुरू होते, तापली की मिसफायर करत बंद पडते आणि थंड झाली की पुन्हा चालते. बरेच जण लगेच कार्बोरेटर खोलतात. थांबा! गाडी गरम असतानाच करंट तपासा, थंड झाल्यावर दोष लपतो.

कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटर कॅपमधून काढा, इन्सुलेटेड पक्कडीने इंजिनच्या धातूपासून 5-6 मिमीवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. (जवळपास पेट्रोल सांडलेलं नको.) निळी, चटचटणारी ठिणगी आली तर कॉइल बहुधा ठीक, मग कॅपचा बारीक तडा, रोटर, प्लगच्या वायरी बघा. पिवळसर, मरतुकडी आली तरी कॉइल लगेच बदलू नका. पॉइंट जळून काळे पडले असतील तर संशय कंडेन्सरवर, आणि तो कॉइलपेक्षा कितीतरी स्वस्त!

शेवटी मल्टीमीटर. वायरी काढून कॉइलच्या दोन छोट्या टर्मिनलांमध्ये साधारण 3 ओहम मिळायला हवेत. तापल्यावर सर्किटच तुटलेलं दिसलं तर कॉइल गेली. नवी घेताना बॅलास्ट रेझिस्टरवर चालणारी, 1.5 ओहमची घेऊ नका; तिने पॉइंट लवकर जळतात.