विश्लेषण : सात वर्षांचा मुलगा, सहा मिनिटांचा अंधार... ‘व्हिन्सेंट’ हा बाहुलीपट आजही का पाहिला जातो?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोंदिया जिल्ह्यात गावोगावी तान्हा पोळा भरतो. पोरे लाकडी नंदी सजवतात, दोरीने ओढत घरोघरी नेतात आणि बोजारा मागतात. बैल लाकडाचा आहे, हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते. तरी त्याचे शिंग मोडले की ते पोर रडते. निर्जीव वस्तूत जीव आहे असे मानण्याची ही सवय एका चित्रपट-तंत्राच्या मुळाशी आहे. त्या तंत्राचे नाव स्टॉप-मोशन. अमेरिकी दिग्दर्शक टिम बर्टन यांनी १९८२ मध्ये याच तंत्राने ‘व्हिन्सेंट’ हा कृष्णधवल लघुपट केला. जेमतेम सहा मिनिटांचा हा चित्रपट ‘गॉथिक’ शैलीचा नमुना म्हणून आजही पाहिला जातो. असे काय आहे त्यात?

गोष्ट काय आहे?

व्हिन्सेंट मॅलॉय हा सात वर्षांचा सभ्य, आज्ञाधारक मुलगा. घरात आई, बहीण, कुत्रा, मांजरे. त्याला मात्र व्हायचे आहे व्हिन्सेंट प्राइस, म्हणजे हॉलिवूडच्या भयपटांचा गाजलेला नट. खोलीतला दिवा मालवला की मुलाचा चेहरा बदलतो. भेटायला आलेल्या मावशीला उकळत्या मेणात बुडवून तिचा पुतळा करावा, असे त्याच्या मनात येते. अ‍ॅबरक्रोम्बी नावाच्या कुत्र्यावर तो ‘प्रयोग’ करतो. आपली बायको जिवंत पुरली गेली आहे, अशी कल्पना करून तो थडगे उकरू लागतो. प्रत्यक्षात तो आईचा फुलांचा वाफा असतो.

शिक्षा म्हणून त्याला खोलीत पाठवले जाते. आई येऊन समजावते की हे सारे तुझ्या डोक्यातले खेळ आहेत, बाहेर ऊन पडलेय, जाऊन खेळ. पण तोवर मुलगा स्वतःच्याच कल्पनेत अडकलेला असतो. भिंती हलू लागतात, त्यांतून हात बाहेर येतात. अखेरीस तो जमिनीवर निपचित पडतो आणि चित्रपट संपतो.

गॉथिक म्हणजे फक्त भुते का?

नाही. साहित्यात या परंपरेची सुरुवात १७६४ च्या ‘द कॅसल ऑफ ऑट्रांटो’ या हॉरेस वॉलपोल यांच्या कादंबरीपासून मानली जाते. पुढे मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) आली, एडगर अ‍ॅलन पो यांच्या कथा-कविता आल्या. जुनी वास्तू, बंद खोली, न संपणारे दुःख, मृत माणसाची पाठ न सोडणारी आठवण ही या प्रकाराची ओळख. भूत दिसलेच पाहिजे असे नाही. घरच माणसाच्या मनासारखे वागू लागते, तिथे गॉथिक सुरू होते.

मराठी वाचकाला हे अनोळखी नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथा वाचलेल्यांना बंद दाराची भीती माहीत आहे. ‘तुंबाड’ (२०१८) मध्ये पावसात भिजणारा वाडा आणि माणसाची हाव एकमेकांपासून वेगळी काढता येत नाही. ‘व्हिन्सेंट’मध्ये बर्टन यांनी हाच मसाला एका साध्या अमेरिकी घरात, एका लहान मुलाच्या खोलीत आणला. वाडा नाही, शाप नाही. जे आहे ते मुलाच्या डोक्यात.

शैलीत वेगळे काय?

पहिली गोष्ट सावली. १९२० च्या ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी’ या जर्मन मूकपटात तिरक्या भिंती, वाकड्या खिडक्या आणि चक्क रंगाने काढलेल्या सावल्या होत्या. बाहेरचे जग पात्राच्या मनाप्रमाणे वाकलेले दाखवायचे, ही ती पद्धत. ‘व्हिन्सेंट’मधला जिना, दारे, टोकदार सावल्या त्याच घराण्यातल्या आहेत. मुलगा शांत असतो तेव्हा चौकट बऱ्यापैकी सरळ असते. कल्पना चढत जाते तशी खोली मोठी आणि रिकामी होते, मुलगा त्यात लहान दिसू लागतो. वीज गेल्यावर कंदिलाच्या उजेडात भिंतीवर पडलेली आपलीच लांब सावली ज्याने पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट आवाज. संपूर्ण कथा यमकबद्ध कवितेत आहे आणि ती वाचली आहे स्वतः व्हिन्सेंट प्राइस यांनी. म्हणजे मुलगा ज्याच्यासारखा होऊ पाहतो, तोच त्याची गोष्ट सांगतो. प्राइस यांनी १९५३ च्या ‘हाउस ऑफ वॅक्स’मध्ये माणसांचे मेणाचे पुतळे करणारा खलनायक रंगवला होता. साठच्या दशकात पो यांच्या साहित्यावरील अनेक चित्रपटांत ते होते. मावशी आणि मेण, जिवंत पुरलेली बायको हे सगळे संदर्भ तिथले. ते माहीत नसले तरी गोष्ट अडत नाही. त्या आवाजातली मिश्कील धार दोन्ही बाजूंना चालते : भीतीही वाटते आणि हसूही येते.

बाहुल्याच का? चित्रे का नाहीत?

स्टॉप-मोशनमध्ये बाहुली थोडी हलवायची, फोटो घ्यायचा, पुन्हा थोडी हलवायची. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. सहा मिनिटांचे ३६० सेकंद धरले तर ८,६४० चौकटी. प्रत्येक स्थिती दोन चौकटी ठेवली, तरी ४,३२० वेळा बाहुलीला हात लावावा लागतो.

एवढ्या खटाटोपाचा फायदा असा की बाहुली खरी असते. तिच्यावर खरा प्रकाश पडतो, तिची खरी सावली पडते. पण तिची हालचाल पूर्ण सफाईदार नसते, किंचित थरथरते. विनोदी चित्रपटात ही थरथर गोड वाटते. गॉथिकमध्ये ती अस्वस्थ करते, कारण जे हलायला नको ते हलते आहे, असे डोळ्यांना जाणवत राहते. मेलेल्याला जिवंत करू पाहणाऱ्या मुलाची गोष्ट निर्जीव बाहुल्यांना जिवंत करून सांगितली आहे. इथे तंत्र आणि विषय एकच होतात.

तंत्र एकच असले तरी भाव वेगळा असू शकतो. मुंबईच्या स्टुडिओ इक्सॉरसमध्ये सुरेश एरियट यांनी केलेला ‘टोकरी’ हा मातीच्या बाहुल्यांचा लघुपट बाप-लेकीच्या मायेची गोष्ट सांगतो. २०१७ च्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचा सन्मान विभागून मिळाला.

महाराष्ट्राचा या तंत्राशी संबंध किती जुना?

थेट दादासाहेब फाळके यांच्यापर्यंत. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या अंतराने चित्रित केली. पडद्यावर ते रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसले. चित्रपट ही काय चीज आहे, हे भांडवल देणाऱ्यांना पटवण्यासाठी हा प्रयोग कामी आला. पुढे १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केला. त्यात आगकाड्या स्वतःच हलताना दिसतात. म्हणजे वस्तू हलवून फोटो घेण्याची ही युक्ती मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वीच हाताळली होती.

शेवटावरून मतभेद काय झाले?

बर्टन तेव्हा डिस्नेमध्ये पगारी कलाकार होते. वय चोविशीच्या आसपास. कंपनीची गोंडस चित्रे त्यांच्या हाताला जमत नव्हती. कंपनीतल्याच काही वरिष्ठांनी सुमारे ६० हजार डॉलर मिळवून दिले आणि रिक हाइनरिक्स यांच्यासोबत त्यांनी हा चित्रपट केला.

शेवट मात्र कंपनीला रुचला नाही. दिवा लागावा, वडील आत यावेत आणि मुलाला सामना बघायला घेऊन जावेत, असे सुचवले गेल्याचे बर्टन यांनी पुढे सांगितले आहे. त्यांनी ते मानले नाही. चित्रपट लॉस एंजलिसमध्ये थोडे दिवस दाखवला गेला आणि मग कपाटात गेला. १९८४ मध्ये त्यांनी कुत्र्याला पुन्हा जिवंत करणाऱ्या मुलावर ‘फ्रँकेनवीनी’ केला आणि त्यानंतर त्यांना डिस्ने सोडावे लागले. २०१२ मध्ये त्याच कंपनीने तीच गोष्ट पूर्ण लांबीच्या कृष्णधवल स्टॉप-मोशनपटाच्या रूपात त्यांच्याकडूनच करून घेतली.

हा वाद फक्त एका दृश्याचा नव्हता. दिवा लागला असता तर अर्थ झाला असता, ‘मुलाला काहीतरी झाले होते, ते बरे झाले.’ बर्टन यांचे म्हणणे वेगळे होते. या मुलाला काही झालेलेच नाही, तो असाच आहे. जमिनीवर पडलेला व्हिन्सेंट मेला आहे की मेल्याचे सोंग करतो आहे, हे चित्रपट सांगत नाही. आणि आई? तीही वाईट नाही. तिचे बोलणे प्रेमाचेच आहे. फक्त तिला खोलीत एक मुलगा दिसतो आणि मुलाला तिथे एक बुरूज दिसतो. दोघे एकाच खोलीत असून एकमेकांना भेटत नाहीत. भीती वाटते ती इथे.

फोनवर असे काही करता येईल का?

येईल. फोन स्टँडवर पक्का बसवा. फोकस आणि प्रकाशाची मात्रा स्थिर करा, नाहीतर प्रत्येक फोटोत उजेड बदलेल. खिडकीचा पडदा ओढा, कारण ऊन सरकते आणि चित्र लुकलुकते. एकच दिवा खालून, बाजूने ठेवा, म्हणजे सावली मोठी पडेल. सेकंदाला १२ फोटो धरले तर १० सेकंदांसाठी १२० फोटो पुरतात. बाहुली नसेल तर माळ्यावरचा तान्ह्या पोळ्याचा नंदी चालेल.

मुलांना दाखवावा का?

रक्त नाही, मारामारी नाही. पण मृत्यू, थडगे, एकटेपणा आहे. त्यामुळे लहान मुलांच्या हाती फोन देऊन उठून जाण्यापेक्षा शेजारी बसून पाहिलेला बरा. संपल्यावर विचारावे, ‘तो मेला का रे?’ काही मुले हो म्हणतील, काही हसून म्हणतील, ‘नाटक करतोय तो.’ उत्तर कोणतेही असो, लगेच दिवा लावून ते दुरुस्त करायची घाई करू नये. पोर पुढे काय सांगते, ते आधी ऐकून घ्यावे.